बियरनंतर गांधी उठतात, ओठ सुजतो – बियरमधलं नेमकं काय बाधतं?

छावणीकर, इंदूर

माहिती एका नातेवाइकासाठी हवी आहे. वय ३२, पुरुष, दमा नाही, आधी कधी कशाची ॲलर्जी निघालेली नाही.

लक्षणं अशी: बियर घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आधी तळहात-तळपाय खाजायला लागतात, मग पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठतात, वरचा ओठ सुजतो. शेवटच्या खेपेला घसा आवळल्यासारखा झाला आणि उभं राहिल्यावर चक्कर आली. दोनेक तासांत सगळं ओसरलं.

कोडं असं की व्हिस्की चालते. बाटलीतली साधी लागर बहुतेक वेळा चालते. गव्हाची, गढूळ दिसणारी बियर असली की त्रास होतो, पण तोही दर वेळी नाही. लग्नाकार्यात हमखास, घरी बसून घेतली तर नाही.

घरात तीन मतं आहेत. एक, यीस्ट बाधतं. दोन, अंगात उष्णता झाली, आमसूल लावा. तीन, आधी सेट्रिझिन घ्यायची आणि मग खुशाल प्यायची. मला विचारायचंय ते हे: दोष जवाचा, गव्हाचा, हॉप्सचा (बियरला कडवटपणा देणारी फुलं) की यीस्टचा हे कसं ओळखायचं? चाचण्या कोणत्या करायच्या? आणि तिसऱ्या मतात काही तथ्य आहे का?

सुईचाचणी

घसा आवळणं आणि चक्कर हे वाचलं, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच: तपासणी होईपर्यंत बियर पूर्ण बंद. 'एक घोट घेऊन बघू' हा प्रयोग घरी करायचा नाही. त्वचेबरोबर श्वास किंवा रक्तदाब बिघडला की त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि पुढची खेप मागच्यासारखीच सौम्य जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

तिसरं मत धोक्याचं आहे. सेट्रिझिन खाज आणि गांधी दाबते. घशाची सूज आणि रक्तदाब उतरणं थांबवत नाही. म्हणजे धोक्याची पहिली खूण पुसली जाते आणि माणूस पीत राहतो.

आता मुद्द्याचं. बियर सोसत नाही या एका तक्रारीखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्रास किती वेळाने, शरीरात कुठे, हे नीट विचारलं तर अर्धं निदान तिथेच होतं. पाच-दहा मिनिटांत चेहरा लाल, गरम, छातीत धडधड, पण गांधी नाहीत: हा अल्कोहोलच्या पचनाचा मामला. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पुढे मोडणारं एन्झाइम मंद असलं की ते रक्तात साचतं. जन्मजात हा दोष चीन-जपान-कोरियात पुष्कळ, आपल्याकडे विरळ. आपल्याकडे असं झालं तर आधी चालू असलेली औषधं बघावीत. नाक चोंदणं, शिंका, डोकं धरणं हे हिस्टामिनमुळे (ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन) किंवा अल्कोहोलने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगल्याने होतं. छातीत घरघर झाली तर दमा, सल्फाइट (पेयं टिकवायला घालतात ते परिरक्षक) किंवा ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांचा दमा. शेवटच्या गटात दमा, नाकात पॉलिप आणि ॲस्पिरिनचा त्रास एकत्र असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना कुठल्याही दारूने नाक-छाती भरते, एकट्या बियरने नव्हे. पोट फुगणं वेगळं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पायाचा अंगठा ठणकणं हे तर युरिक ॲसिड. बियरमध्ये प्युरिन असतात, ॲलर्जीचा तिथे संबंध नाही.

गांधी, ओठांची सूज, तळहाताची खाज हे मात्र खऱ्या, म्हणजे आयजीई (रक्तातली ॲलर्जीची प्रतिपिंडं) प्रकारच्या ॲलर्जीचं चित्र आहे, आणि अशी ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनाची असते. व्हिस्की चालते ही फार मोलाची माहिती दिलीत. मॉल्ट व्हिस्कीही जवाचीच असते, पण ऊर्ध्वपातनात प्रथिनं भांड्यात मागे राहतात, वर जाते ती वाफ. म्हणजे अल्कोहोल एकट्याने हे करत नाही. धान्याचं काहीतरी लागतं.

पण 'दर वेळी नाही' हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार गोष्टी कळवा:

त्रास झाला त्या दिवशी बियरच्या आधीच्या चार तासांत काय खाल्लं होतं?
नाच, चढ-उतार, धावपळ काही होती का?
कुठली गोळी घेतली होती, विशेषतः वेदनेची?
बियरबरोबर चखणा काय होता?

हॉप्सवाला

ब्रूइंगच्या बाजूने थोडं. घटक एकेक करून बघू, म्हणजे संशयित कमी होतील.

जव: मॉल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवात दोन प्रथिनं अशी आहेत जी सगळी प्रक्रिया पार करून ग्लासात येतात. एक लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, साधारण १० किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं माप) चिमुकलं. दुसरं प्रोटीन झेड, ४० च्या वर. मॅश, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६२ ते ६८ अंशांवर होतो, मग तासभर खळखळून उकळी. इतर बरीच प्रथिनं गोळा होऊन खाली बसतात, ही दोन विरघळलेलीच राहतात. बियरचा फेस टिकतो तो यांच्याच जिवावर. त्यामुळे 'फेस काढून टाकला की झालं' असं कुणी सुचवत असेल तर ते नको, खालच्या द्रवातही ती असतातच.

गहू: गव्हाच्या बियरमध्ये धान्याचा साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा गव्हाचा असतो, आणि ती बहुतेकदा गाळत नाहीत. ढगाळपणा तोच: प्रथिनं, टॅनिन आणि तरंगतं यीस्ट. बाटलीतली साधी भारतीय लागर मात्र गाळलेली, पाश्चराइज केलेली असते आणि तिच्यात मॉल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरतात. म्हणजे धान्याची प्रथिनं मुळातच कमी. तुमच्या नातेवाइकाला लागर चालते आणि ढगाळ बियर बाधते, याचा मेळ इथे बसतो.

यीस्ट: गव्हाच्या बियरचं यीस्ट आणि पावाचं यीस्ट एकाच जातीचं. पाव, ब्रेड निर्धास्त खाता येत असेल तर यीस्टवरचा आळ जवळजवळ उतरतो.

हॉप्स: हॉप्स तोडणाऱ्या मजुरांना हाताला पुरळ उठतं हे खरं, पण प्यायल्याने ॲलर्जी होणं फार विरळ. शिवाय लागरमध्येही हॉप्स असतातच. सोडून द्या.

एक सुटून जातं ते म्हणजे मसाले. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. धने आपल्या रोजच्या भाजीत असतात, म्हणून शक्यता कमी, पण तपासणाऱ्याला सांगून ठेवा. तसंच 'मिल्क स्टाउट' नावाच्या काळ्या बियरमध्ये लॅक्टोज घालतात. बियरचं यीस्ट ते खात नाही, सगळं तसंच उरतं. दूध न पचणाऱ्याचं पोट त्याने बिघडलं तर लोक बिचाऱ्या जवाला दोष देतात.

दवाबाजार_२

औषधांची बाजू मी घेतो, कारण काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि गडबड बहुतेक तिथेच असते.

पोट बिघडलं की आपल्याकडे सर्रास नावाच्या शेवटी '-निडाझोल' असलेली गोळी घेतात. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल चालू असताना दारू नाही, आणि शेवटच्या गोळीनंतर ७२ तास जाऊ द्यायचे. नाहीतर चेहरा लाल, ओकारी, धडधड. गजकर्णावरची ग्रिसिओफल्विन आणि सेफोपेराझोनची इंजेक्शनं याच यादीत. दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरामचा परिणाम तर दोन आठवडे राहू शकतो, आणि ती कधी कधी घरचे न सांगता देतात. असं अजिबात करू नये, जिवाशी खेळ आहे.

कमी ठाऊक असलेली एक गोष्ट: कोडावर किंवा एक्झिमावर टॅक्रोलिमस मलम लावणाऱ्यांचा चेहरा दोन घोटांत लाल होतो, आणि जिथे मलम लावलंय तिथेच जास्त. बियरची ॲलर्जी समजून लोक हैराण होतात. मलम बंद केलं की काही आठवड्यांत हे जातं.

आणि वेदनेच्या गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. लग्नात नाचायचंय, पाय दुखतील, म्हणून आधीच एक कॉम्बिफ्लाम टाकणारे कमी नाहीत, भिया! सुईचाचणी यांनी गोळीचं का विचारलं त्याचा अंदाज येतोय.

काका_तिलकनगर

इतका काथ्याकूट कशाला? पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतो आपण, तासाभरात बसतं. आणि पूर्वी बियर पिणारे काय कमी होते? तेव्हा नव्हत्या ॲलर्ज्या.

सुईचाचणी

काका, आमसुलाच्या पाण्याने थंडावा मिळतो, खाज थोडी कमी वाटते, लावायला हरकत नाही. पण गांधी मुळात एक-दोन तासांत आपणहून विरतात, लावा किंवा न लावा. घसा आवळतो तिथे आमसूल पोचत नाही, एवढंच.

छावणीकर, इंदूर

सगळ्यांचे आभार. विचारून आलो.

त्रास झाला ते तिन्ही प्रसंग लग्नाचे. दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी गव्हाची बियर, मग वरातीत नाच. एकदा आधी कॉम्बिफ्लाम घेतली होती, आणि तीच घसा आवळण्याची खेप. चखणा शेंगदाणे, शेव, पापड. पण ते एरवीही रोज खातो. पाव-ब्रेड रोज, पोळ्या दोन वेळा, बाफले दर रविवारी, कधी काही नाही. जवाचं सत्तूही उन्हाळ्यात पितो.

एकदा, तेव्हा लक्षात आलं नव्हतं, बाफले खाऊन लगेच बॅडमिंटन खेळायला गेला आणि अंगभर गांधी उठल्या. त्या दिवशी बियर नव्हती.

सुईचाचणी

तुमच्या शेवटच्या दोन ओळींनी चित्र पालटलं. बियर नसतानाही झालं, बाफले आणि बॅडमिंटन होतं. आता माझा पहिला संशय बियरवर राहिला नाही, गव्हावर आहे.

एक आजार आहे: गहू खाल्ला, नुसतं बसून राहिलं तर काही नाही, गहू खाल्ला आणि पुढच्या एक ते चार तासांत श्रम केले, तर ॲनाफिलॅक्सिस. कारणीभूत असतं ते बहुतेकदा ओमेगा-५ ग्लायडिन, ग्लूटेनमधलंच एक प्रथिन. श्रमाच्या जागी अल्कोहोल किंवा ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन आलं तरी तेच होतं, आणि दोन-तीन एकत्र आले तर जोर वाढतो. अल्कोहोल आणि या गोळ्या आतड्याचं अस्तर थोडं सैल करतात, न पचलेलं प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात शिरतं; श्रमाने रक्ताभिसरण पालटतं. रोजच्या पोळीला काही होत नाही ते म्हणूनच: गहू एकटा असतो, जोडीदार नसतो.

बाफल्यांचं प्रमाणही बघा. जाड पिठाचे गोळे, उकळून मग भाजलेले. एका ताटात गव्हाची मात्रा चार-पाच पोळ्यांच्या वर सहज जाते. त्यावर गव्हाची बियर म्हणजे थोडा आणखी गहू आणि अल्कोहोल एकदम. वर नाच. वर गोळी. लागर घरी बसून घेतली तेव्हा यातलं एकही पुरेसं नव्हतं.

तरी हा संशयच आहे, निदान नव्हे. जवाचं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन अजून शर्यतीत आहे. सत्तू चालतं म्हणून जव सुटत नाही, कारण सत्तूबरोबर अल्कोहोल नसतं.

चाचण्या अशा मागा:

रक्तात विशिष्ट आयजीई: गहू, जव, यीस्ट, आणि वेगळं नाव घेऊन ओमेगा-५ ग्लायडिन. हे शेवटचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. कारण सुईच्या चाचणीसाठी मिळणारा गव्हाचा तयार अर्क पाण्यात-मिठात विरघळणाऱ्या प्रथिनांचा असतो आणि ग्लायडिन पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे 'गहू निगेटिव्ह' असा कागद हातात येतो आणि माणूस पुन्हा बाफले खाऊन नाचायला जातो. या आजारात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

त्वचेवरची सुईची चाचणी: अर्काचा थेंब, त्यावर बारीक टोचा, १५-२० मिनिटांनी मोजणी. साध्या सलाइनच्या टोच्यापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर पॉझिटिव्ह. नेहमीच्या अर्काबरोबरच ज्या बियरने त्रास झाला तीच बाटली आणि घरचं गव्हाचं पीठ घेऊन जा. त्यांनीही टोचता येतं. बियरमधला वायू आधी हलवून काढून टाकावा लागतो. चाचणीच्या आधी ५ ते ७ दिवस सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, ॲव्हिल वगैरे बंद. आणि मोठ्या प्रतिक्रियेनंतर निदान ४ आठवडे थांबा. लगेच केली तर त्वचा काही काळ प्रतिसाद देत नाही आणि खोटी निगेटिव्ह येते. रक्ताच्या चाचणीला गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत.

पुन्हा झालंच, तर त्याच दिवशी एक ते चार तासांच्या आत रक्तात ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या झटक्यात पेशींतून सुटणारं एन्झाइम) तपासून घ्यायला सांगा, आणि दुसरा नमुना २४ तासांनंतर. पहिल्या नमुन्याचा आकडा मूळ पातळीच्या (म्हणजे दुसऱ्या नमुन्याच्या) १.२ पट अधिक २ च्या वर गेला, तर ॲनाफिलॅक्सिस होता असं कागदावर येतं. तातडीच्या विभागात कुणी आपणहून हे करेलच असं नाही, नातेवाइकाने आठवण करावी.

एवढ्याने उत्तर आलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे रुग्णालयात, सलाइन लावून, डॉक्टरच्या नजरेखाली गहू देऊन ट्रेडमिलवर चालवणं. घरी नाही.

आणि एक विनंती. '२०० पदार्थांची फूड इनटॉलरन्स तपासणी' नावाची आयजीजी पॅकेजं घेऊ नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच कळतं. हजारो रुपये जातात आणि दूध, गहू, वांगं सगळं बंद करून माणूस वाळतो.

गव्हाविना

ग्लूटेनचा विषय निघाला म्हणून एक सीमारेषा आखून ठेवते, नाहीतर लोक दोन गोष्टी एक करतात.

वर जे चाललंय ती गव्हाची ॲलर्जी: मिनिटांत-तासांत, गांधी, सूज. सीलिएक वेगळा: आतड्याचं अस्तर हळूहळू झिजतं, महिनोन्‌महिने जुलाब किंवा नुसताच अशक्तपणा, लोह चढत नाही, वजन उतरतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला असतो, म्हणजे गव्हावर जगणाऱ्या आपल्या माळव्यातही तो दुर्मीळ समजू नये. सीलिएकवाल्याला बियरने गांधी उठत नाहीत, पण बियर त्याला पूर्ण वर्ज्य, लागर असली तरी. जवातलं हॉर्डिन गव्हाच्या ग्लूटेनचंच भावंड.

सीलिएकची रक्तचाचणी टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए. ती करण्याआधी गहू सोडायचा नाही! आधीच सोडला तर चाचणी खोटी निगेटिव्ह येते, मग पुन्हा सहा-आठ आठवडे पोळी खाऊन यावं लागतं.

लेबलचं: आपल्या एफएसएसएआयच्या नियमात 'ग्लूटेन-फ्री' म्हणायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत हवं, २० ते १०० असेल तर 'कमी ग्लूटेन'. बाहेरच्या काही बियर जवाच्याच असतात आणि एन्झाइमने ग्लूटेन तोडलेलं असतं. त्यावर मी भरवसा ठेवायला सांगणार नाही, कारण तुटलेले तुकडे नेहमीच्या चाचणीत नीट मोजले जात नाहीत. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांपासूनच केलेली असेल तर गोष्ट वेगळी. सफरचंदाची सायडर, वाइन, रम, आलीराजपूरकडची मोहाची गाळलेली, ही सगळी मुळात ग्लूटेनविना.

छावणीकर, इंदूर

गव्हाविना ताई, मग नातेवाइकाला सायडर चालेल असं धरू का?

हॉप्सवाला

सायडर आणि वाइनमध्ये सल्फाइट बियरपेक्षा बरंच जास्त असतं. दमा नाही म्हणता, तर त्याची तितकी भीती नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी लेबलवर आयएनएस २२० ते २२८ हे आकडे शोधावेत. १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लिहिणं बंधनकारक आहे. लोक बाटलीचं लेबल वाचतात आणि कॉकटेलमध्ये पडणारं तयार लिंबू-सरबताचं सिरप विसरतात, त्यातही तेच परिरक्षक असतात.

पण मूळ अडचण सायडरची नाही. गहू हाच गुन्हेगार निघाला तर 'बाफले आणि मग सायडर' हेही तितकंच वाईट, कारण अल्कोहोल आलंच. नाही का, सुईचाचणी?

सुईचाचणी

बरोबर. पेय बदलून सुटका नाही. ओमेगा-५ पॉझिटिव्ह आलं तर नियम पेयाचा नसून वेळेचा असतो: गहू खाल्ल्यावर ४ ते ६ तास श्रम, दारू आणि वेदनेच्या गोळ्या नाहीत, श्रमानंतरही तासभर गहू नाही. काहींना गहू पूर्णच सोडावा लागतो, ते डॉक्टर आकडे आणि प्रतिक्रियेची तीव्रता पाहून ठरवतील. लग्नाच्या दिवशी सकाळी पोहे, दुपारी भात-वरण, असं केलं तर संध्याकाळच्या नाचाला बरीच मोकळीक मिळते. पोह्यांवर मैद्याची जिलबी मात्र नाही, आणि इंदुरात ते सांगावं लागतं.

जव निघाला तर उलट. मग बियर कायमची बंद, 'झिरो अल्कोहोल' बियरसुद्धा, कारण तिच्यातून अल्कोहोल काढतात, प्रथिनं नाही. मॉल्टचं व्हिनेगर आणि दुधात घालायच्या मॉल्ट पावडरीही तपासून बघाव्या लागतील.

हॉप्सवाला

हिस्टामिनचा उल्लेख वर ओझरता आला, त्यात भर. चांगल्या लागरमध्ये हिस्टामिन फार थोडं असतं. ते वाढतं जिवाणूंमुळे, आणि जिवाणू बसतात नळाच्या पाइपात. तर ज्यांना बाटलीची बियर चालते पण नळाची घेतली की डोकं धरतं, त्यांनी बारवाल्याला विचारावं की लाइन कधी धुतली. १४ दिवसांतून एकदा २ टक्के कॉस्टिकचं द्रावण पंपाने १५ मिनिटं फिरवायचं, नळाचं तोंड खोलून ब्रशने घासायचं, मग पाणी सोडून पीएच पट्टीने बघायचं. धुतलेल्या पाण्याचा पीएच साध्या पाण्याइतका आला नाही तर पाइपात कॉस्टिक उरलंय, आणि त्याने ओठ-जीभ चुरचुरते. हीही 'ॲलर्जी' म्हणून खपते. लाइन घाण असल्याची खूण जिभेला कळते: आंबट झाक, किंवा लोण्यासारखा वास.

जी माणसं नैराश्यावरच्या जुन्या एमएओ गटातल्या गोळ्या घेतात किंवा ज्यांना लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू आहे, त्यांनी नळाची बियर टाळावीच. तिच्यात टायरामिन जास्त असू शकतं, रक्तदाब एकदम चढतो.

पोट फुगण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, साधा हिशेब आहे. बियरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू विरघळलेला असतो. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसहाशेच्या अडीच पट धरा, दीड लिटरच्या वर वायू. बाटलीने थेट प्यायलात तर बहुतेक सगळा पोटात. ग्लासात उंचावरून ओतून फेस बसू दिलात तर बराचसा बाहेर.

दवाबाजार_२

मात्रेबद्दल एक वाक्य. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० ची बाटली म्हणजे साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल, ५ टक्क्यांच्या माइल्डचा ३३० चा पाइंट म्हणजे १३. 'एकच बियर घेतली' याने डॉक्टरला काही कळत नाही. लेबलचा फोटो दाखवा.

आणखी एक, कारण कुणीच लिहिलं नाही: दारू घेतली की मानेतली किंवा काखेतली गाठ दुखत असेल तर ती ॲलर्जी समजून सोडू नका. विरळ आहे, पण हॉजकिन लिम्फोमाची ती जुनी ओळखीची खूण आहे. गाठ दाखवून घ्या.

छावणीकर, इंदूर

ओमेगा-५ चिठ्ठीवर लिहून घेतो. शेवटचा प्रश्न. चाचण्यांचा निकाल येईपर्यंत पुन्हा असं झालं तर काय करायचं? ॲड्रेनलिनचं पेन इथे सहज मिळत नाही म्हणतात.

सुईचाचणी

प्रतिक्रिया सुरू झाली की आडवं झोपवा, पाय उंच. श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवा, पण उभं करून जिन्यावरून चालवत नेऊ नका. रक्तदाब उतरलेला असताना उभं केल्यानेच माणसं दगावतात. ओकारी होत असेल तर कुशीवर. १०८ ला फोन, आणि फोनवर 'ॲनाफिलॅक्सिस' हाच शब्द वापरा. 'जास्त झाली' असं कुणी म्हणालं तर सगळे तो दारूचाच प्रकार समजून बसतात.

औषध ॲड्रेनलिन, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शिरेत नाही. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. लक्षणं ओसरली तरी काही तास रुग्णालयात देखरेखीखाली राहायचं, दुसरी लाट येऊ शकते. तो रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी अटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारख्या गोळ्या घेत असेल तर ते आत्ताच डॉक्टरना सांगा, त्यावर ॲड्रेनलिनचा असर कमी होतो.

पेन नसेल तर डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या आणि ॲम्प्यूल-सिरिंज वापरायला त्यांच्यासमोर शिकून घ्या, नातेवाइकानेही आणि घरातल्या आणखी एकाने.

दवाबाजार_२

चिठ्ठीवर १ मिलिलिटरची साधी सिरिंज आणि इंचभर लांबीची २३ नंबरची सुई लिहून घ्या. इन्शुलिनची सिरिंज घेऊ नका: तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, घाईत मात्रा चुकते, आणि सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं. ॲम्प्यूल दोन ठेवा. २५ अंशांच्या आत, उजेडापासून झाकून, खोक्यातच. फ्रिजमध्ये नको. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. घराबाहेर नेताना इन्सुलेटेड पाउचमध्ये. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं. गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली, की तारीख उरलेली असली तरी फेकून नवीन आणायचं.